बुडालेलं धान, निजलेली गोगलगाय आणि थांबवलेलं हृदय

सांगा पाहू पोट्टेहो, पुरात बुडालेलं धान मरतं कधी?

बुडाल्यावर, असंच म्हणणार तुम्ही. पण असं समजा, रोवणी होऊन आठ-दहा दिवस झालेत, झड लागली आहे, नाला फुगून बांधी पाण्याखाली गेली आहे. आठवड्याने पाणी उतरतं. शेतकरी धुऱ्यावर उभा राहून पाहतो, तर रोपं लुळी पडलेली, चिखलाने माखलेली, पण हिरवी. तो म्हणतो, चला, वाचलं. मग ऊन पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पायाशी पाणी असतानाही, पानं सुरळी होऊन वाळायला लागतात. ज्या रोपाने आठवडाभर पाण्याखाली दम धरला, ते मोकळ्या हवेत आल्यावर मान टाकतं.

"मंग त्याले कोनं मारलं जी?" बंटीचा प्रश्न बरोबर आहे.

थोडं उन्हाने मारलं आणि बरंचसं प्राणवायूने. हसू नका. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. बुडालेल्या रोपाला तो मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. रोप मग आपला सगळा कारभार मंद करतं, अर्ध्या पोटी जगतं. पाणी उतरलं की तोच प्राणवायू एकदम अंगावर येतो, वरून ऊन, आणि आतली यंत्रणा अजून झोपेत. त्या घाईत प्राणवायूचे काही कण बिथरतात आणि पानाच्या पेशी जाळतात.

ओडिशातल्या शेतकऱ्यांकडे एक जुनं धान होतं, बुडालं तरी टिकणारं. त्यातून निवडलेल्या जातीला एफआर १३ ए असं रुक्ष सरकारी नाव मिळालं. त्या धानात नेमकं काय आहे, हे २००६ साली उलगडलं. सब-१ए नावाचा एक जनुक आहे, तो रोपाला पाण्याखाली उगाच उंच वाढू देत नाही, शिदोरी राखून ठेवायला लावतो. पूर्व भारतात अफाट लावल्या जाणाऱ्या स्वर्णा जातीत हा जनुक उतरवून २००९ साली स्वर्णा-सब१ हे वाण आपल्या देशात आलं. ते दहा-चौदा दिवस बुडून राहू शकतं. मला खरी गंमत वाटली ती २०११ साली कळलेल्या गोष्टीची. हाच जनुक पूर ओसरल्यावरही कामी येतो, बिथरलेल्या प्राणवायूचा मारा कमी करतो. बुडण्यापासून वाचवणं आणि वर आल्यावर वाचवणं, दोन्ही कामं एकाच कारभाऱ्याकडे.

आता तुम्हाला ठाऊक आहे, मी घरचा धानवाला, पण नोकरी केली ऑपरेशन थिएटरात. हार्ट-लंग मशीन चालवायची. कागदावर परफ्युजनिस्ट, थिएटरात नुसतं 'पंपावर आज कोण?' असं विचारायचे. तिथे रोज एक हृदय थांबवलं जायचं, तासा-दीड तासाने पुन्हा चालू केलं जायचं. थांबवताना कोणाला फारशी धास्ती नसायची. चालू करताना मात्र गप्पा आपोआप थांबायच्या. असं का, ते सांगतो, पण आधी गोगलगायीकडे जाऊ.

उन्हाळ्यात बोडी आटली, बांधीला हातभर भेगा पडल्या की ती मोठी, गोल शंखाची गोगलगाय कुठे जाते? चिखलात उतरते, शंखाचं दार घट्ट लावून घेते आणि निजते. बाहेर मे महिन्यातलं आपलं ऊन. आत तिचा श्वास इतका मंद की ती जिवंत आहे की नाही, हे सांगता येऊ नये. मग मृगाचा पहिला दणका पाऊस येतो. रात्रीत बेडकांचा गोंगाट सुरू होतो, ते पिवळेधमक नर बोडीकाठी फुगून बसतात आणि गोगलगायीही दार उघडून चालायला लागतात. कित्येक आठवडे जेमतेम श्वास घेतलेल्या अंगात प्राणवायू धो धो शिरतो. धानाच्या हिशेबाने ती मरायला हवी, पण मरत नाही.

ब्राझीलचे मार्सेलो हर्मीस-लिमा आणि कॅनडाचे केनेथ स्टोरी या दोघांना १९९० च्या दशकात हेच कोडं पडलं होतं. त्यांनी थंडीने गोठलेले आणि प्राणवायूविना ठेवलेले साप तपासले, बेडूक तपासले, निजलेल्या गोगलगायी तपासल्या. अंदाज असा, की झोपेत शरीर सगळंच बंद करत असणार. खर्च कमी करायचा तर पहारेकरीही कमी करायचे. निघालं उलटं. प्राणवायूचा उपद्रव आवरणारे पदार्थ झोपेतच वाढलेले! शत्रू यायच्या आधी पहारा दुप्पट. आपल्या गोगलगायीची एक दक्षिण अमेरिकेतली चुलत बहीण आहे. तिच्यावर अर्जेंटिनात काम झालं, तर कळलं की ती झोपेत युरिक आम्ल साठवते आणि जागी होताना ते ढालीसारखं वापरते. तेच युरिक आम्ल आपल्या अंगठ्यात साचलं की आपण बोंबलतो.

अलास्कातली जमिनीखाली राहणारी खार तर आणखी पुढची. हिवाळ्यात तिचं अंग शून्याच्याही खाली, उणे तीन अंशांच्या जवळ जातं. हृदय मिनिटाला हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच. मधूनमधून ती जागी होते, आणि त्या काही तासांत हृदय शेकड्यांत धडधडायला लागतं. तिच्या रक्तात झोपेच्या काळात क जीवनसत्त्व तीन-चार पट चढलेलं असतं आणि जागी होताना ते झपाट्याने खर्ची पडतं. आपल्याला ही सोय नाही. खार, बकरी, उंदीर हे सगळे क जीवनसत्त्व अंगातच करतात. आपल्या पूर्वजांचा तो जनुक काही कोटी वर्षांपूर्वी बिघडला तो बिघडलाच. म्हणून आपण आवळ्याकडे आणि पेरूकडे आशेने पाहायचं, आणि बकरीने आपल्याकडे पाहून रवंथ करायचा.

आता प्राणवायू बिथरतो म्हणजे काय होतं? थोडं रसायन ऐकावं लागेल, जांभया देऊ नका.

आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारके कारखाने असतात. हृदयाच्या पेशीत तर त्यांची दाटी, कारण हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे दिले जातात. गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमालांची रांग पोती हातोहात ट्रकपर्यंत पोचवते ना, तसंच. शेवटचा ट्रक म्हणजे प्राणवायू. ट्रक वेळेवर येत असतील तर पोतं खाली पडत नाही. पण ट्रक यायचे बंद झाले, तरी मागून पोती येतच राहिली, आणि तासाभराने दहा ट्रक एकदम दारात लागले, तर? धांदल उडते, पोती भलत्याच ठिकाणी फेकली जातात.

प्राणवायूच्या रेणूला पुरते चार इलेक्ट्रॉन मिळाले तर त्याचं निमूट पाणी होतं. भलत्या वेळी भलत्या ठिकाणी एकच मिळाला तर तो होतो सुपरऑक्साइड. त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि जवळ मोकळं लोह असेल तर त्याहून जहाल हायड्रॉक्सिल. यांना फ्री रॅडिकल आणि त्यांचं गणगोत म्हणा. पेशीचं आवरण, प्रथिनं, जनुकं, समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ते ओरबाडतात. ज्याचा गेला तो शेजाऱ्याचा ओरबाडतो. ही साखळी जो मध्येच तोडतो किंवा सुरूच होऊ देत नाही, तो अँटिऑक्सिडंट. क आणि ई जीवनसत्त्व ही त्यातली बाहेरून येणारी मंडळी. घरचे पहारेकरी वेगळे आणि त्यांच्याहून कितीतरी जोरकस.

त्यातला सगळ्यात मोठा पहारेकरी तीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसून होता. १९३८ साली केंब्रिजला डेव्हिड कायलिन आणि टी. मान या दोघांनी गुराच्या रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. रंग सुरेख, काम काय ते कोणालाच कळेना. नाव ठेवलं, बाटलीत भरलं, विषय संपला. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी ज्यो मॅकॉर्ड यांच्या लक्षात आलं, की हे प्रथिन सुपरऑक्साइड दिसताच ते नाहीसं करतं, आणि तेही अफाट वेगाने. त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेज असं नाव पडलं. प्राणवायूवर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जिवात हा नाहीतर याचा भाऊबंद सापडतो. आपल्यात, धानात, गोगलगायीत. याचा अर्थ काय झाला? ज्या दिवशी जिवांनी प्राणवायू वापरायला घेतला, त्याच दिवशी त्याच्यापासून वाचायची सोयही करावी लागली.

आता थिएटरात चला. पायताणं बाहेर.

छाती उघडली आहे. शरीरातलं रक्त नळीतून माझ्या मशीनकडे येतं, मशीन त्यात प्राणवायू मिसळतं, तापमान राखतं आणि महारोहिणीत परत पाठवतं. हे पहिल्यांदा नीट जमलं ते फिलाडेल्फियात, जॉन गिबन यांना, ६ मे १९५३ रोजी. मग सर्जन महारोहिणीवर चिमटा लावतो. 'क्लॅम्प ऑन.' मी वेळ टिपतो. त्या क्षणापासून हृदयाला रक्त नाही. लगेच 'प्लेजिया' जातो, म्हणजे कार्डिओप्लेजिया, पोटॅशियम घातलेला थंडगार द्रव. हृदय थरथरतं आणि थांबतं. मॉनिटरवरची रेघ सरळ. नवशिकी नर्स घाबरते, आम्ही चहाचा विचार करतो. आता सर्जनला झडप बदलायची असो की बायपासच्या शिरा जोडायच्या असोत, हात निवांत चालतो.

काम संपलं की 'क्लॅम्प ऑफ.' रक्त परत हृदयात जातं. धानाचा पूर ओसरतो तो हाच क्षण.

हे धोक्याचं आहे, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आधीच दिसलं होतं. १९६० साली रॉबर्ट जेनिंग्ज यांनी हृदयाची एक रोहिणी काही वेळ बांधून पुन्हा सोडली. रक्त परत आल्यावर तासाभरात स्नायूची जेवढी नासधूस दिसली, तेवढी रोहिणी बांधलेलीच ठेवली असती तर दिसायला दिवस लागला असता. पुढे फ्री रॅडिकलची गोष्ट कळली, १९८५ साली त्याच मॅकॉर्ड यांनी ही इजा आणि बिथरलेला प्राणवायू यांची सांगड घालणारा लेख लिहिला, आणि सगळ्यांना वाटलं, सापडलं उत्तर! अँटिऑक्सिडंट द्या, हृदय वाचवा.

थोडं सापडलंही, आणि ते नेमकं कुठे, हे मी हाताळलेल्या बाटल्यांत तुम्हाला दाखवू शकलो असतो. प्लेजियाच्या एका प्रसिद्ध मिश्रणात, पेद्रो डेल निडो यांच्या नावाने जे ओळखलं जातं त्यात, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि लिडोकेनच्या जोडीला मॅनिटॉल असतं. मॅनिटॉल हे साखरेचं एक भावंड; पेशींना सूज येऊ देत नाही आणि जहाल हायड्रॉक्सिलला पकडून ठेवतं. त्याच मिश्रणात रोग्याचं स्वतःचंही थोडं रक्त घालतात. कॅलिफोर्नियाचे जेराल्ड बकबर्ग हे रक्त मिसळलेल्या प्लेजियाचे मोठे पुरस्कर्ते. तांबड्या पेशींत सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन असा सगळा पहारा आयता भरलेला असतो. बाहेरून औषध कशाला आणता, रोग्याच्याच अंगातलं घ्या, असा तो विचार. क्लॅम्प काढायच्या जरा आधी कोमट रक्त हळूहळू सोडायचं, एकदम लोंढा नको, हेही त्यांच्याच घराण्यातलं शहाणपण. मला विचाराल तर या विषयातलं हे सगळ्यात सुंदर पान आहे, आणि वर्तमानपत्रात ते कधीच छापून येत नाही.

तुम्ही विचारणार, हृदय शरीराबाहेर काढून दुसऱ्या गावी नेतात तेव्हा? तेव्हा तर वेळ सगळ्यात महाग. थंड द्रवात हृदय साधारण चार तास ठेवता येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात अवयव साठवायचा एक द्रव तयार झाला, त्यात ग्लुटाथिओन आहे आणि ॲलोप्युरिनॉलही आहे. हो, गाऊटवर देतात तीच गोळी, कारण ती सुपरऑक्साइड तयार करणारं एक विकर बंद पाडते. ग्लुटाथिओनचा स्वभाव असा, की बाटलीत पडून राहिलं तर तिथेच स्वतः खर्ची पडतं.

आपल्या महाराष्ट्राने हा प्रवास पार सुरुवातीपासून पाहिला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. सेन मोठे धाडसी आणि निसर्गाकडे नीट पाहणारे. सापाच्या हृदयाच्या भिंतीला रक्त थेट आतल्या पोकळीतूनही मिळतं, हे पाहून त्यांनी माणसाच्या उपाशी हृदयालाही सुईने बारीक वाटा पाडून तसंच रक्त देता येईल का, हे तपासलं. १९६५ सालच्या त्या लेखावर सेन यांच्यासोबत उडवाडिया, किनरे आणि परुळकर ही नावं आहेत. पुढे लेसरने अशाच वाटा पाडायची पद्धत आली. हृदयारोपणाला मुंबईत मात्र नंतर ४७ वर्षं खंड पडला. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून निघालेलं हृदय मुलुंडला पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते बसवलं. रस्ते मोकळे करून ते हृदय पळवलं म्हणून सगळ्यांना वेगाची बातमी आठवते. पेटीतला द्रव त्या वेळात काय काम करत होता, हे कोणी विचारलं नाही.

"आणि गोळ्या जी? दुकानात मिळतात त्या?" चिंगीने नेमकं बोट ठेवलं. गावात कोणाचं बायपास ठरलं, नागपूरला तारीख मिळाली, की नातलगांपैकी एक तरी रंगीत डबा घेऊन येतोच. 'अँटिऑक्सिडंट आहे, हृदयाला ताकद.' डब्यावर डाळिंब, द्राक्ष आणि धावणारा माणूस.

तर ऐका. क जीवनसत्त्वाची कथा अर्धी गोड आहे. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ जणांचं हृदय बेताल होतं, वरचे कप्पे नुसते फडफडतात. चौथ्या हिश्श्याहून जास्त रुग्णांना हे होतं. अमेरिकेत ओहायोमध्ये ४३ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीपासून क जीवनसत्त्व दिलं. २००१ साली निकाल छापून आला: ज्यांना दिलं त्यांच्यात सुमारे १६ टक्के, ज्यांना नाही त्यांच्यात सुमारे ३५ टक्के. छोटा प्रयोग, पण आशा वाटावी असा. मग ठिकठिकाणी चाचण्या झाल्या. गंमत बघा, अमेरिकेतल्या चाचण्या एकत्र केल्या तर फायदा दिसेना. इतर देशांतल्या केल्या तर दिसला. जिथे लोकांच्या अंगात मुळातच हे जीवनसत्त्व कमी, तिथे दिल्याचा उपयोग होत असावा, असा माझा आपला अंदाज. भरलेल्या मडक्यात आणखी ओतून काय होणार!

ई जीवनसत्त्वाची कथा कडू आहे. साडेनऊ हजार लोकांना चार-पाच वर्षं रोज ४०० युनिट देऊन पाहिलं. २००० साली निकाल आला, हृदयाला काही फायदा नाही. पुढे तोच अभ्यास लांबवला तर २००५ साली हार्ट फेल्युअर थोडं वाढलेलंच दिसलं. सेलेनियम तर आपल्या एका घरच्या पहारेकऱ्याचा कणा. म्हणून जर्मनी आणि कॅनडात हृदय-शस्त्रक्रियेच्या चौदाशेच्या आसपास रुग्णांवर मोठ्या मात्रेत तपासलं. २०२३ साली निकाल: फरक नाही. खुद्द सुपरऑक्साइड डिसम्युटेजही प्रयोगशाळेत तयार करून, हृदयविकाराचा झटका आलेल्या लोकांची बंद रोहिणी उघडताना शिरेतून दिलं होतं. १९९४ साली कळलं, तेही वाया.

असं का व्हावं? पहारेकरी चांगला, पण उभा कुठे आहे आणि कधी पोचला, हे बघायला नको? आग लागते मायटोकॉन्ड्रियात, तीही रक्त परतल्यावर पहिल्या काही मिनिटांत. शिरेत सोडलेलं मोठं प्रथिन पेशीच्या आत शिरतच नाही. पोटातून गेलेली गोळी रक्तात पोचते, पण त्या कोपऱ्यात पुरेशी पोचत नाही. २०१४ साली केंब्रिजचे मायकेल मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्त थांबलेल्या काळात पेशीत सक्सिनेट नावाचं एक साधं आम्ल साचत जातं. प्राणवायू परतला की ते भडाभडा जळतं आणि त्या जोरात इलेक्ट्रॉन उलट्या दिशेला ढकलले जातात. सुपरऑक्साइडचा लोंढा तिथून फुटतो. म्हणजे लोंढा अडवत बसण्यापेक्षा आधी सक्सिनेटच आवरावं, आणि पहारेकरी पाठवायचाच तर थेट मायटोकॉन्ड्रियात शिरणारा पाठवावा, अशा दोन वाटांनी आता काम चाललं आहे.

त्या रंगीत डब्याबद्दल एवढंच सांगून ठेवतो. ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असं विचारतात तेव्हा लोक रक्तदाबाच्या सांगतात, साखरेच्या सांगतात आणि हा डबा विसरतात. त्यांच्या लेखी ते औषधच नाही. पण ई जीवनसत्त्व जास्त मात्रेत घेतलं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत, तर रक्तस्राव वाढू शकतो. डबा पिशवीत घालून सोबत न्यायचा आणि डॉक्टरांसमोर ठेवायचा. आवळा खा, जांभूळ खा, अंबाडीची भाजी खा, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्या रोग्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारक्या रक्तवाहिन्या अडवतात, मग वाट मोकळी होते, मग पुन्हा अडते. हृदयावर जे एकदा, चिमटा लावून, मुद्दाम केलं जातं, ते त्या पोराच्या अंगात जागोजागी, कोणी न करता, वारंवार होत असतं. एल-ग्लुटामिन नावाची साधी भुकटी अमेरिकेत २०१७ साली त्यासाठी मान्य झाली. ती तांबड्या पेशींचा हाच पहारा बळकट करते. सिकलसेलच्या माणसाला पंपावर घेणं हे जिकिरीचं काम, कारण थंडी आणि प्राणवायूची चणचण त्या पेशींना वाकवते. आपल्याकडचा रोगी आला की रक्ताचा तो रिपोर्ट आधी पाहायचा, ही सवय मला गावाने लावली.

आता शेवटचं, आणि यात गोष्ट उलटी फिरते.

१९८६ साली त्याच जेनिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स मरी आणि कीथ रायमर यांच्यासोबत, एक अजब प्रयोग झाला. कुत्र्याच्या हृदयाची रोहिणी चाळीस मिनिटं बांधायची, पण त्याआधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बांधून सोडायची. वाटलं होतं, आधीच दमलेलं हृदय जास्त मरेल. तर मेलेला भाग उरला नेहमीच्या चौथ्या हिश्श्याएवढा! छोट्या छोट्या उपासांनी हृदय मोठ्या उपासाला तयार झालं. धानवाल्याला हे नवं नाही. पाणी थोडं तोडून ठेवलेलं पीक दुष्काळात जरा जास्त तग धरतं. पण हृदयाला ही खबर देतो कोण? तपास केला, तर खबऱ्यांमध्ये निघाले तेच फ्री रॅडिकल. थोडेसे, अगदी चिमूटभर. नंतरच्या प्रयोगांत सशांना त्या छोट्या उपासांच्या वेळी अँटिऑक्सिडंट दिलं, तर फायदा नाहीसा झाला. शत्रू म्हणून ज्याला आपण सरसकट हाकलत होतो, तोच पहारा उभा करायचा निरोप घेऊन येत होता. गोगलगायीच्या पेशींतही असाच निरोप पोचत असावा, असं हर्मीस-लिमा आणि त्यांच्या मंडळींना वाटतं.

मग डॉक्टरांना सुचलं, हृदयाला कशाला उपाशी ठेवा, दंडालाच ठेवू. ऑपरेशनआधी दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवायचा, पाच मिनिटं थांबायचं, सोडायचं, असं तीन-चार वेळा. छोट्या चाचण्यांत छान दिसलं. २०१५ साली ब्रिटन आणि जर्मनीतल्या दोन मोठ्या चाचण्या, मिळून तीन हजारांच्या आसपास रुग्ण, आणि निकाल? काही फरक नाही. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण वाचून हळहळलो. मग कोणीतरी बोट दाखवलं, की या चाचण्यांत बहुतेकांना भुलेसाठी प्रोपोफॉल दिलं होतं. ते दुधासारखं पांढरं औषध आम्ही रोज पाहायचो. त्याच्या रेणूची घडण ई जीवनसत्त्वाच्या कामाच्या टोकाशी जुळते. ते स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. पट्ट्याचा निरोप त्यानेच वाटेत दाबला का, की माणसाच्या हृदयाचं गणितच कुत्र्याहून निराळं, यावर भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांचं अजून एकमत नाही. भुलेचं औषध बदलून पट्ट्याची पुन्हा परीक्षा घ्यावी, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.